सतरा मजली टेकडी आणि एक दोर

अमेरिकेतल्या मिनेसोटात डोंगर नाहीत, हे बहिणीनं आधीच सांगितलं असतं तर मी तिच्या घरी गुलमर्गच्या एवढ्या बढाया मारल्या नसत्या. गोंडोलातून (तारेवरच्या बंद डब्यातून) अफरवट डोंगरावर, म्हणजे ३,९०० मीटरच्या वर जाऊन आलेला माणूस मी. दोन आठवड्यांचा स्कीइंगचा कोर्सही केलेला. जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी भाचा ओजस म्हणाला, "मामा, हायलंडला येतोस?" मी त्याच तोऱ्यात गाडीत बसलो.

ईडन प्रेरीहून ब्लूमिंग्टनचं हायलंड हिल्स पंधरा मिनिटांवर आहे. उतरलो आणि इकडेतिकडे डोंगर शोधू लागलो. समोर होती ती टेकडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत १७५ फूट. मुंबईत सतरा-अठरा मजली इमारतीकडे कुणी मान वर करूनही बघत नाही. पण दिव्यांच्या झगझगाटात, उणे पंधरा तापमानात, त्या एवढ्याशा उतारावर शंभरेक पोरं मुंग्यांसारखी वरखाली करत होती. घसरत जायला लोखंडी रेल आणि बॉक्स, उड्या मारायला बर्फाचे उंचवटे असं सगळं मांडून ठेवलेला भाग म्हणजे टेरेन पार्क. त्याच्या कडेनं एक जाडजूड दोर सणसणत वर चालला होता. त्याला खुर्ची नाही, दांडा नाही, काही नाही. परतीचा दोर डोक्यावरच्या चाकांवरून खाली येत होता. पोरं दोर धरत होती आणि दिसेनाशी होत होती.

"ही लिफ्ट?" मी विचारलं.

"रोप टो," ओजस म्हणाला आणि गेलासुद्धा.

मला वाटलं, सरकारी जागा आहे, पैसे वाचवले असतील. शेजारी चेअरलिफ्ट, म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्च्यांची लिफ्ट होती, मी सरळ तिकडे गेलो. वर जायला दोन मिनिटांच्या वर लागली. तेवढ्यात माझ्या पायाखालून ओजस दोनदा खाली येऊन गेला, दुसऱ्यांदा हातही केला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

साधी चेअरलिफ्ट सेकंदाला दोन-अडीच मीटरनं चालते, कारण चालत्या खुर्चीत माणसाला बसता आलं पाहिजे. खुर्ची स्टेशनात तारेपासून सुटी होणाऱ्या लिफ्ट याच्या दुप्पट वेगानं जातात, पण १७५ फुटांसाठी तसलं धूड उभं करणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावर जायला हेलिकॉप्टर. दोराला ही अडचणच नाही. तो धावत असतो, आपण त्याचा वेग पकडायचा. अर्ध्या मिनिटात माथा. शिवाय एकाच फळीला दोन्ही पाय बांधणाऱ्या स्नोबोर्डवाल्यांना चेअरलिफ्टसाठी दर वेळी मागचा पाय सोडवावा लागतो आणि वर पोचल्यावर बर्फात बसून परत बांधावा लागतो. दोरावर दोन्ही पाय बांधलेलेच राहतात. टी-बार, म्हणजे उलट्या टी-सारखा दांडा, स्कीवाल्यांना मागून ढकलतो ते ठीक, पण बोर्डवर आडवं उभ्या राहिलेल्या माणसाच्या मांड्यांमध्ये तो दांडा म्हणजे शिक्षाच. सरकता पट्टा शिकाऊ लहानग्यांसाठी चांगला, त्याच्यावर या पोरांचा जीव कंटाळून जाईल.

आणि एकच रेल जमेपर्यंत पन्नासदा करायची असेल तर डोंगर उंच असून उपयोग काय? रेल जिथे आहे तिथेच असते. अर्ध्यावर दोर सोडून नेमकं तिच्या वरच्या बाजूला थांबताही येतं. चेअरलिफ्टमधून अर्ध्यावर उतरून दाखवा!

गंमत म्हणजे हा दोर चेअरलिफ्टपेक्षा जुना. अमेरिकेतला पहिला रोप टो जानेवारी १९३४ मध्ये व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकला लागला, फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या इंजिनावर. चेअरलिफ्ट आली १९३६ मध्ये, आयडाहोतल्या सन व्हॅलीत. ती सुचली जहाजात केळीचे घड चढवण्याच्या यंत्रावरून. जळगावकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. पुढे मोठ्या डोंगरांनी दोर अडगळीत टाकला. मिनेसोटानं तो ठेवला, कारण इथे मोठा डोंगर नव्हताच. पुढच्या आठवड्यात आम्ही बर्न्सव्हिलच्या बक हिलला गेलो. हायवेला खेटून ३१० फुटांची टेकडी. स्कीपटू लिंडसे वॉन तिथे लहानपणी प्रशिक्षक एरिक सेलर यांच्याकडे शिकली आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरला डाउनहिल शर्यतीचं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आली. तिथेही तोच दोर आणि एका संध्याकाळी माराव्या तेवढ्या फेऱ्या.

आता माझी फजिती. पुण्यात तिबेटी बाईकडून घेतलेले लोकरीचे हातमोजे घालून मी दोर धरला. दोर वर गेला, तळव्याची लोकरही त्याच्याबरोबर गेली आणि मी तिथेच. बहिणीनं दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून जाड कातडी मोजे आणले. "दादा, इथे सगळे हेच घालतात," म्हणाली. मफलरही काढून घेतला. दोर पीळ खात धावतो, लोंबणारं काहीही त्यात गुंडाळलं जातं. मोकळे केस, जॅकेटच्या नाड्या, सगळं आत खोचायचं.

"मामा, एकदम नाही धरायचा. आधी हातातून पळू दे, मग हळूहळू आवळ," ओजसनं शिकवलं. एक हात पुढे, दुसरा पाठीमागे. एकदम आवळलात तर खांदा पुढे आणि बाकीचे तुम्ही मागे. गावाकडे मोटेचा नाडा ओढणाऱ्या बैलांकडे मी नेहमी कौतुकानं बघायचो. आता नाड्याच्या टोकाच्या मोटेबद्दलही सहानुभूती वाटते.

दोराचे तोटे नाहीत असं मी म्हणणार नाही. चार फेऱ्यांत माझे हात संपले, रात्री वरणाची वाटी उचलवेना. बर्फ वितळायला लागला की दोर भिजून बुळबुळीत होतो आणि जड लोंबतो. चढाची वाट सरळ लागते, बाजूला जरा कल असला की माणूस घसरत दोरापासून लांब जातो. पाच वर्षांच्या मुलाला किंवा नुसतं दृश्य बघायला आलेल्या आजीला तिथे उभं करू नये. गुलमर्गला गोंडोलाच हवा. पण पार्कसाठी मला निवडायला सांगाल तर दोर, माझे खांदे गेले तरी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पहिल्यांदा न पडता माथ्यापर्यंत पोचलो. आनंदाच्या भरात दोर सोडायचाच राहिला. वर एक आडवी फाटक-दोरी असते, तिला कुणी धडकलं की मोटर बंद. मी धडकलो. सणसण थांबली. मागे वळून पाहिलं तर उतारभर पंधरा-वीस पोरं हातात मेलेला दोर धरून उभी, सगळी माझ्याकडे बघतायत. त्या शांततेत खालून ओजसचा आवाज आला, "मामा, सोड आता!"