पाऊसवही, भाग ३: बिल्ड यशस्वी, वरसगाव उणे

मंडळी, पाऊसवही, म्हणजे पावसाच्या आणि धरणांच्या नोंदी ठेवणारी माझी छोटी संगणक-सेवा, एकदाची नव्या घरात राहायला गेली. नवं घर म्हणजे टीव्हीमागे ठेवलेला चार जीबीचा रास्पबेरी पाय, तळहाताएवढा संगणक. लॅपटॉप बंद केला तरी सेवा चालू राहते, हे गेल्या बारा वर्षांत पहिल्यांदाच घडतंय.

मागचे भाग न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. कोथरूडला माझ्या गच्चीवर, धायरीला मावशीकडे आणि पिंपळे सौदागरला भाच्याकडे असे तीन पर्जन्यमापक आहेत. सकाळी साडेआठला मोजायचं, आकडा सेवेकडे पाठवायचा. साडेआठच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. ज्या गावात १९२८ साली सिमल्याहून आलेल्या कचेरीमुळे अख्खा चौक सिमला ऑफिसच्या नावाने ओळखला जातो, तिथे स्वतःची वेगळी वेळ काढणं बरं दिसत नाही. शिवाय खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा साठा मी हाताने भरतो. मूळ प्रकल्प २०१४ चा: जावा ८ ही भाषा, कोड बांधायला (यालाच बिल्ड म्हणतात) अँट, सेवा चालवायला टॉमकॅट ७ हा सर्व्हर आणि एक्सएमएलमध्ये निरोप देणारी सोपची सेवा. आता जावा १७, अँटच्या जागी मेव्हन, टॉमकॅट १०.१ आणि सोपच्या जागी साधी जेसन सेवा.

कोड फारसा बदलावा लागला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तीन महिने गेले ते माझ्या जुन्या लॅपटॉपला जे जे माहीत होतं आणि बिल्डला माहीत नव्हतं, ते शोधण्यात.

सुरुवात लिब फोल्डरपासून. त्यात ४३ जार, म्हणजे तयार जावा कोडचे गठ्ठे, होते. अँटला त्याचं सोयरसुतक नसतं, फोल्डर दाखवला की सगळं क्लासपाथवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या हाताशी. अर्ध्या जारांच्या नावात आवृत्तीच नाही. मॅनिफेस्ट, म्हणजे जारमधली माहितीची फाइल, उघडून बघितली तर काहींनी तिथेही मौन पाळलेलं. अशांचा शा-१ चेकसम (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) काढला आणि मेव्हन सेंट्रल या जारांच्या सार्वजनिक कोठारात त्यावरून शोध घेतला. ही युक्ती ठाऊक नसेल तर लिहून ठेवा, जुन्या प्रकल्पात सोन्यासारखी आहे. शेवटी पॉममध्ये, म्हणजे मेव्हनच्या सूचनांच्या फाइलीत, फक्त नऊ डिपेन्डन्सी (बाहेरून लागणारे जार) उरल्या. बाकीचे जार एकतर या नवांच्या मागोमाग आपसूक येतात, नाहीतर कुणी कधी वापरलेच नव्हते.

मग जावा १७ वर पहिला कंपाइल. सोपला लागणारं जेएएक्सबीचं पॅकेजच सापडेना. हे अपेक्षित होतं: जेएएक्सबी, जेएएक्स-डब्ल्यूएस आणि त्यांच्या जोडीचं डब्ल्यूएसइम्पोर्ट २०१८ मध्ये जावा ११ आलं तेव्हाच जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, बाहेर काढलं गेलं. वेगळी डिपेन्डन्सी टाकून सोप जिवंत ठेवता येतं. पण माझ्या सोप सेवेचा जगात एकच ग्राहक होता, आणि तोही मीच लिहिलेला डेस्कटॉप प्रोग्रॅम. दोघांनाही एकदम निरोप दिला.

यापुढची गोष्ट जास्त चिडवणारी. जर्सी २ या वेब-सेवांच्या चौकटीवर सेवा लिहिली, वॉर (सर्व्हरला द्यायची बांधलेली फाइल) बनवली, टॉमकॅट १०.१ मध्ये टाकली. लॉगमध्ये एकही चूक नाही, डिप्लॉय झाल्याचा निरोपही आला, आणि प्रत्येक पत्त्यावर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. सर्व्हरवरच्या जावा पॅकेजांची नावं टॉमकॅट ९ पर्यंत जावाएक्स, १० पासून जकार्ता, हे पाठ होतं हो! पण पॉममध्ये मला डोळ्यांनी ‘जकार्ता’ दिसत होतं. गोम अशी की जकार्ता ईई या सर्व्हरवरच्या जावाच्या प्रमाणाच्या ८ व्या आवृत्तीच्या काळातल्या आर्टिफॅक्टचं, म्हणजे जारचं, नाव जकार्ता असलं तरी आतली पॅकेजं जावाएक्सचीच आहेत. पाटी बदलली, दुकान तेच. पॅकेजांची नावं खरोखर बदलली ती ईई ९ मध्ये, २०२० साली. माझं सगळं अ‍ॅनोटेशनवर, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या खुणांवर, वेब डॉट एक्सएमएल ही वेगळी सूचनांची फाइल नाही. टॉमकॅट १० जावाएक्सची अ‍ॅनोटेशनं बघतच नाही. कुरकुरही करत नाही, सरळ दुर्लक्ष करतो, एखाद्या दुकानदारानं दुपारी दीड वाजता गिऱ्हाइकाकडे करावं तसं.

(घाईत असाल तर टॉमकॅट १० मध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचा फोल्डर करा आणि जुनी वॉर त्यात टाका. तो स्वतः भाषांतर करून घेतो. मी हट्टाने ते केलं नाही.)

जर्सी ३.१ वर गेलो आणि सगळ्या प्रकल्पात जावाएक्स शोधून जकार्ता करून टाकलं. हे करू नका. डेटासोर्सचं जावाएक्स-एसक्यूएल जेडीकेचं आहे, ते कुठेही गेलेलं नाही. क्रिप्टो आणि एक्सएमएल पार्सरचंही तसंच. एका फटक्यात सतरा फाइली लाल झाल्या. पुढे ‘इंजेक्शनमॅनेजरफॅक्टरी सापडली नाही’ असा अपवाद, म्हणजे चालताना येणारी चूक, आला, त्यावर जर्सी-एचके२ ची डिपेन्डन्सी हे औषध. मग ‘मेसेजबॉडीरायटर सापडला नाही’, त्यावर जर्सीचं जॅक्सन मॉड्यूल. या दोन्ही चुका इतक्या जणांना येऊन गेल्यात की त्यावर आणखी शाई नको.

आता धरणं. साठा मी टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) शंभराव्या भागात, पूर्णांकात ठेवतो: पानशेत १०६५, वरसगाव १२८२, टेमघर ३७१, खडकवासला १९७. चारही भरली की २९.१५ टीएमसी. घनफूट काढायला एक कोटीने गुणायचं. नव्या सेवेत हा गुणाकार मी इंटमध्ये, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या पूर्णांक प्रकारात, केला. खडकवासला बरोबर आला, १.९७. पानशेत २.०६. टेमघर उणे ०.५८. आणि वरसगाव, साखळीतलं सगळ्यात मोठं धरण, उणे ०.०६ टीएमसी! इंटची मर्यादा सुमारे २१४.७ कोटी आणि एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे खडकवासला जेमतेम बसतं आणि बाकीची तिन्ही सांडव्यावरून वाहून जातात. पानशेतचा आकडा सगळ्यात धोक्याचा, कारण तो खोटा असून खरा वाटतो. जूनमध्ये पानशेतला दोन टीएमसी ऐकून कोण चमकणार?

इंटच्या जागी लाँग हा मोठा प्रकार केला, सुटलं. पण खरा प्रश्न असा की हे टेस्टमध्ये का सापडलं नाही. टेस्ट मी लिहिली होती! चारही धरणांची, शिवाय क्युसेकचीही (सेकंदाला एक घनफूट): ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं, तेही ताडून बघणारी. बिल्ड रोज यशस्वी. लॉग नीट वाचला तेव्हा कळलं की टेस्ट चालतच नव्हती. क्लासचं नाव मी रोमन लिपीत ‘धरणतपासणी’ असं ठेवलं होतं. टेस्ट चालवणारा मेव्हनचा शुअरफायर मुळात ज्या नावांच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘टेस्ट’ आहे, नाहीतर शेवटी ‘टेस्ट्स’ किंवा ‘टेस्टकेस’ आहे, असेच क्लास उचलतो. बाकीचे सोडून देतो. मातृभाषेचा अभिमान नडला तो असा. आता नाव ‘धरणतपासणीटेस्ट’ आहे, ऐकायला भयंकर. आणि ‘फेलइफनोटेस्ट्स’ खरं करून ठेवलंय, म्हणजे टेस्ट शून्य असतील तर बिल्ड पडेल.

पायवर सेवा कंटेनरमध्ये, म्हणजे एका स्वतंत्र बंद डब्यात, डेबियन या लिनक्सच्या स्लिम इमेजमधून चालवतो. वॉर लॅपटॉपवरच बांधतो. बाइटकोडला, म्हणजे जावाच्या बांधलेल्या कोडला, प्रोसेसर इंटेल काय नि आर्म काय, आणि पायवर मेव्हन चालवायचा तर दोन चहा होतात. इथे मात्र दोन भुतं एकदम निघाली.

पहिलं: रोजची नोंद ज्या मजकूर फाइलीत जाते तिथे ‘पिंपळे सौदागर’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. धायरीचीही तीच गत, फक्त रांग लहान. कंटेनरमध्ये लँग नावाचं, भाषा सांगणारं चल सेट नव्हतं, त्यामुळे जावा १७ ने मुळातली अक्षरसंहिता अ‍ॅस्की धरली, आणि अ‍ॅस्कीत देवनागरी कुठून येणार. जावा १८ पासून काहीच न सांगता देवनागरी मावणारं यूटीएफ-८ धरलं जातं. १७ वर राहायचं तर प्रत्येक रीडर-रायटरला संहिता हातात द्यावी लागते. अकरा जागा निघाल्या. पॉममधलं सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ होतंच, पण त्याचा संबंध कंपाइलशी, चालत्या प्रोग्रॅमशी नाही. हा गोंधळ मी स्वतः बरेच दिवस घातला.

दुसरं भूत जास्त मजेशीर. साडेआठच्या आत आलेला आकडा आदल्या पाऊसदिवसात जातो, असा माझा नियम. कंटेनरचं घड्याळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले साडेआठ म्हणजे तिथे पहाटेचे तीन. त्यामुळे आपल्याकडे दुपारचे दोन वाजेपर्यंत आलेला प्रत्येक आकडा कालच्या खात्यात जमा. मावशी घड्याळ लावून साडेआठला पाठवते, तिची नोंद रोज चुकीची. भाचा आठवण झाली की अडीच-तीनला पाठवतो, त्याची रोज बरोबर. ‘शिस्तीला तुझ्या मशिनात किंमत नाही का रे?’ असं मावशीने फोनवर विचारलं. आता एशिया-कोलकाता हा झोन कोडमध्येच स्पष्ट लिहिलाय आणि घड्याळ बाहेरून देता येतं, म्हणजे टेस्टमध्ये पहाटेचे तीन वाजवता येतात.

या दोन्हींवरून एक सवय लावून घेतली आणि माझ्या मते या भागातली कामाची गोष्ट हीच. शुअरफायरच्या आर्गलाइनमध्ये, म्हणजे टेस्ट सुरू करतानाच्या सूचनांत, मी मुद्दाम टाइमझोन यूटीसी आणि फाइल एन्कोडिंग अ‍ॅस्की दिलंय. माझा लॅपटॉप पुण्याच्या वेळेवर आणि यूटीएफ-८ वर आहे, म्हणून त्याच्यावर टेस्ट लाडात वाढत होत्या. आता त्या परक्या घरात चालतात. पहिल्याच दिवशी सहा पडल्या. पैकी एक तर २०१४ पासून चुकीची होती. एक सूचना: जावा १८ नंतर एन्कोडिंगची ही खोड अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा २१ वर गेल्यावर मला दुसरं काही शोधावं लागेल.

शेवटची परीक्षा सहकारनगरच्या मित्राने घेतली. त्याने प्रकल्प उतरवला, बिल्ड दिला आणि पाचव्या मिनिटाला फोन. माझं एककांचं छोटं जार त्याला मिळेना, कारण ते मी कधीकाळी माझ्याच एम२ या मेव्हनच्या साठ्याच्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून विसरलो होतो. शिवाय त्या जारच्या जुन्या पॉममध्ये सेंट्रलचा पत्ता असुरक्षित एचटीटीपीचा. १५ जानेवारी २०२० पासून सेंट्रल त्या पत्त्यावर ५०१, म्हणजे नकार, देतं, आणि मेव्हन ३.८.१ पासून तर मेव्हन स्वतःच दार लावून घेतो. माझ्याकडे सगळं साठवलेलं, म्हणून मला कधी कळलंच नाही. ते जार आता प्रकल्पातलंच मॉड्यूल आहे, पत्ता काढून टाकलाय, आणि ठरलेल्या आवृत्तीचा मेव्हन आपोआप आणणारा मेव्हन रॅपर घातलाय. दर रविवारी लोकल रिपॉझिटरी (घरचा जारांचा साठा) रिकाम्या फोल्डरकडे वळवून एकदा क्लीन व्हेरिफाय, म्हणजे पहिल्यापासून बिल्ड आणि टेस्ट, चालवतो. इंटरनेट खातं, पण पोळी-भाजी होईपर्यंत संपतं.

बाकी राहिलेलं: सोडलेल्या पाण्याचा क्युसेकचा आलेख, आणि मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की भाच्याच्या फोनवर निरोप. त्यासाठी पुलाची नोंद मलाच हाताने करावी लागणार, आणि ते करायला मी पुलापर्यंत जाणार, म्हणून घरून अजून परवानगी मिळालेली नाही.