टेस्ट केस साधनात भरल्या, ‘अपेक्षित निकाल’ मात्र अडला: माझा अनुभव

पणजीच्या पाटो भागातील आमच्या छोट्या कंपनीत हॉटेलांच्या बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार होते आणि त्याच्या चाचणीचे काम मी पाहते. आमच्या टेस्ट केसेस, म्हणजे काय तपासायचे आणि निकाल काय यायला हवा याच्या लेखी नोंदी, कित्येक वर्षे एक्सेलच्या फायलींत होत्या आणि त्यांतली ताजी फाईल कोणती, हे ज्याने ती शेवटची उघडली त्यालाच ठाऊक असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यावरील खोल्यांचा १८ टक्के तसाच राहिला, आणि नेमक्या कोणत्या केसेस बदलायच्या हे शोधण्यातच आमचा जीव मेटाकुटीला आला. तेव्हा टेस्टलिंक हे टेस्ट केसेस सांभाळण्याचे साधन वापरायचे ठरले. ते मुक्तस्रोत आहे आणि आपल्याच सर्व्हरवर बसवता येते, एवढे कारण आम्हाला पुरेसे होते.

बसवणे, प्रोजेक्ट उघडणे, बुकिंग, बिल, परतावा असे सूट्स (केसेसचे गट) पाडणे यात काहीच अडले नाही. केसेस एक्सएमएल स्वरूपात आत घ्याव्या लागतात, त्यासाठी एका सहकाऱ्याने छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. पाहुण्यांची नावे देवनागरीत असलेल्या केसेस असतील तर एक्सेलमधून फाईल काढताना यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत निवडावी, नाहीतर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे येतात.

खरे घोडे अडले ते ‘अपेक्षित निकाल’ या रकान्यात. जुन्या फायलींत तिथे ‘बिल बरोबर यावे’ एवढेच लिहिलेले असे. असे वाक्य साधनात भरले की केस दिसायला पूर्ण दिसते, पण ती चालवणारा माणूस कशाच्या आधारावर पास म्हणणार? म्हणून रुपये-पैशांत आकडा लिहिल्याशिवाय एकही केस आत घ्यायची नाही, असा नियम मी केला आणि त्याबद्दल मला आजही समाधान आहे. ७,५०० रुपयांच्या खोलीवर केंद्राचे १८७.५० आणि राज्याचे १८७.५० रुपये, ७,५०१ रुपयांच्या खोलीवर प्रत्येकी ६७५.०९ रुपये. एका रुपयाने कर ३७५ वरून १,३५०.१८ वर जातो, तेव्हा सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन्ही केसेस हव्यातच. पाहुणा पुण्याचा असो वा दिल्लीचा, खोली गोव्यात असल्यामुळे कर केंद्र आणि राज्य असाच विभागला जातो, हीसुद्धा स्वतंत्र केस आहे.

एवढे कायदा वाचून लिहिता आले. पुढचे प्रश्न हॉटेलच्या व्यवहाराचे होते. ऑगस्टमध्ये आगाऊ रक्कम घेतली, पण मुक्काम आणि बिल दोन्ही २२ सप्टेंबरनंतरचे, तर कायद्याने नवा दर लागतो. मग आधीच १२ टक्क्यांनी घेतलेला जादा कर पाहुण्याला परत द्यायचा की अंतिम बिलात वळता करायचा? नाताळच्या मुक्कामात एका रात्रीचे भाडे ७,००० आणि दुसऱ्या रात्रीचे ९,००० असेल, तर बिलावर दोन ओळी दाखवायच्या का? जादा खाटेची रक्कम भाड्यात धरायची की वेगळी? हे प्रश्न मी आमच्या ग्राहक हॉटेलच्या लेखा विभागाकडे लेखी पाठवले. उत्तर येईना. फोन केला की ‘मॅडम, सिस्टीम तुमची, तुम्हीच ठरवा’ असे सांगितले जाई, आणि आम्ही ठरवून पाठवले की ‘साहेबांना विचारून कळवतो’. पाहुण्याच्या हाती पडणाऱ्या बिलावर हॉटेलचे नाव असते, त्याचा जीएसटी क्रमांक असतो. त्यावरचा आकडा चाचणी करणाऱ्याने अंदाजाने ठरवावा, हे मला मुळीच मान्य नव्हते आणि अजूनही नाही.

शेवटी आम्ही प्रश्न विचारणे थांबवले आणि नमुना बिले करून पाठवली: प्रत्येक प्रश्नाला दोन बिले, ‘अ’ आणि ‘ब’, योग्य असेल त्यावर सही करा. लांबलचक ईमेलला न मिळालेली उत्तरे या कागदांवर भराभर आली. ज्यांना अशी वाट पाहावी लागत आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून हाच मार्ग धरावा. सही केलेला कागद स्कॅन करून त्या केसलाच जोडावा.

आठवले म्हणून इथेच नोंदवते: टेस्ट प्लॅनमध्ये (त्या फेरीत चालवायच्या केसेसच्या आखणीत) आधी बिल्ड (सॉफ्टवेअरच्या तपासायच्या आवृत्तीची नोंद) तयार केल्याशिवाय केस चालवता येत नाही. आणि दर बदलल्यावर केसची नवी आवृत्ती काढली, तरी प्लॅनमध्ये जुनीच आवृत्ती जोडलेली राहते. ती तिथे जाऊन वेगळी अद्ययावत करावी लागते. हे न करता चाचणी घेतली तर १२ टक्क्यांचा निकाल अपेक्षित धरून बरोबर चाललेले सॉफ्टवेअर नापास ठरेल.

जादा खाटेच्या प्रश्नावर सही अजून आलेली नाही. त्या केसेस मी ‘ब्लॉक्ड’, म्हणजे अडलेल्या, ठेवल्या आहेत, कारण ‘ब्लॉक्ड’चा आकडा प्रत्येक अहवालात वेगळा दिसतो, शेजारच्या टिपेत प्रश्न कोणत्या तारखेला आणि कोणाकडे पाठवला हे लिहिले आहे, आणि तो अहवाल दर आठवड्याला त्याच लेखा विभागाकडे जातो.