आईचा राग येतो तेव्हा

आईच्या आजारपणात मला सगळ्यांत जड गेलं ते लोकांचं कौतुक. "आजच्या जगात असा मुलगा मिळत नाही हो", "श्रावणबाळ आहेस रे बाबा", "पुण्य जोडतोयस". बोलणारी माणसं मनापासून बोलतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं. पण असं काही ऐकून घरात पाऊल टाकलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. श्रावणबाळाला कावड जड झाली, त्याला वैताग आला, असं मी तरी कधी ऐकलेलं नाही. मला मात्र रोज वैताग येत होता. म्हणजे लोक ज्याचं कौतुक करत होते तो माणूस मी नव्हतोच, आणि जो मी होतो त्याला आतल्या आत लपवून ठेवणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं होतं.

आईला अल्झायमर आहे. आम्ही साताऱ्यात राहतो. मी बँकेत कॅशियर, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दिवसभर आईजवळ एक मावशी असतात, मी सहाच्या सुमारास पोचलो की त्या निघतात. नेमकी तीच आईची सगळ्यांत अवघड वेळ. या आजारात बऱ्याच रुग्णांना संध्याकाळी बेचैनी सुरू होते, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. दिवेलागणीला आई पिशवी भरायला घेते. घडी केलेलं एक पातळ, टीव्हीचा रिमोट, कपाटाची किल्ली, रुमालात गुंडाळलेली अर्धी पोळी. मग दाराशी जाऊन उभी राहते. "मला घरी सोड. अंधार पडायच्या आत पोचायला हवं." घर म्हणजे चिपळूणजवळचं तिचं माहेर. ते विकून जमाना झाला, तिथली माणसंही आता नाहीत.

सुरुवातीला मी समजावत असे. अगं आई, हेच आपलं घर. हा बघ बाबांचा फोटो. ती ऐकून घ्यायची आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग अगदी सुरुवातीलाच पोखरला जातो. नवी गोष्ट टिकवायचं काम त्याचं. त्यामुळे मी सांगितलेलं तिच्यापाशी राहतच नव्हतं. राहत होती ती भीती. या आजारात प्रसंग पुसला जातो, पण त्या प्रसंगाने मनाला जे झालं ते कितीतरी वेळ मागे रेंगाळतं. मी वाद घातला की वाद ती विसरायची आणि कुणीतरी आपल्याला अडवतंय एवढंच तिच्या चेहऱ्यावर उरायचं.

आमच्या डॉक्टरांकडच्या समुपदेशक बाईंनी मला नेओमी फाइल यांच्या पद्धतीबद्दल सांगितलं. अमेरिकेत म्हाताऱ्या, भान हरपलेल्या माणसांबरोबर काम करता करता 1963 ते 1980 या काळात त्यांनी ती घडवली. गाभा असा, की माणूस सांगतोय ते खरं की खोटं यात पडायचं नाही. त्याला जे वाटतंय ते मात्र खरं मानायचं. "घरी जायचंय" यातलं घर बाजूला ठेवायचं आणि जायची ओढ धरायची. मी तसं करायला लागलो. "हो, जायचंय ना. कोण कोण असेल गं आत्ता घरी?" की आई खुर्चीवर टेकते, पिशवी मांडीवर घेते आणि सांगत सुटते. गोठा, परसातला रतांबा, पाण्याला गेलेली वहिनी, वाटेकडे डोळे लावून बसलेला तिचा भाऊ. बोलता बोलता हाताची पकड सैल होते. रोज नाही होत, पण पुष्कळदा होते. मग चहा.

हे मी तिच्यासाठी शिकलो. स्वतःसाठी शिकायला मला खूप जास्त वेळ लागला, आणि हे सगळं लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

कारण त्याच वेळी माझ्या आत काय चालायचं? दात आवळले जायचे, कानशिलं तापायची. राग यायचा. त्या पाठोपाठ, एका क्षणात, दुसरं काहीतरी यायचं: "जन्मदात्या आईचा राग येतो तुला? लाज वाटत नाही?" आईच्या भीतीशी मी वाद घालायचा सोडला होता, पण स्वतःच्या रागाशी रोज रात्री भांडण चालू होतं. तिला "हो गं, वाटणारच" म्हणणारा मीच स्वतःला "असं वाटताच कामा नये" म्हणून दरडावत होतो.

समुपदेशक बाईंनीच हे दोन थर वेगळे करून दाखवले. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची सुरुवात केली. आपल्याकडे मुंबईत डॉ. कि. मो. फडके यांनी ही पद्धत आयुष्यभर शिकवली, त्यामुळे मराठीत ती अनेकांना ओळखीची आहे. एलिस म्हणत की माणूस आधी अस्वस्थ होतो आणि मग आपण अस्वस्थ झालो याबद्दल पुन्हा अस्वस्थ होतो. दुसरी अस्वस्थता बऱ्याचदा पहिलीपेक्षा जास्त छळते. माझ्या बाबतीत हे तंतोतंत खरं होतं. राग पंधरा-वीस मिनिटांत उतरायचा. रागाची लाज रात्री दोनपर्यंत जागं ठेवायची.

एलिस यांची दुसरी गोष्ट मला अजून मोलाची वाटते. विनाअट स्वतःचा स्वीकार. कृतीला चांगलं-वाईट म्हणावं, सबंध माणसाला गुण देऊ नयेत. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आम्हाला लहानपणापासून प्रगतिपुस्तकाचीच सवय. मी चांगला मुलगा की वाईट मुलगा, हा प्रश्न मला इतका स्वाभाविक वाटायचा, की तो प्रश्नच सोडून देता येतो हे लक्षात यायला बैठका जाव्या लागल्या. आणि इथेच मला लोकांच्या कौतुकाचा त्रास का होतो ते उमगलं. श्रावणबाळ हेही एक प्रगतिपुस्तकच. तिथे पैकीच्या पैकी गुण मिळाले की ते टिकवायची धास्ती, आणि मग राग, कंटाळा, हेवा यांना घरात जागाच नाही. स्वतःला "तू ग्रेट आहेस" म्हणत राहणं म्हणजे स्वतःचा स्वीकार, असं माझं तरी मत नाही. मला तो गुणपत्रिका खाली ठेवण्यात सापडला.

हेवा म्हटलं म्हणून सांगतो. सप्टेंबरात कास पठारावर फुलं येतात तेव्हा आमच्या शाखेतली मंडळी एखाद्या रविवारी जाऊन येतात. सोमवारी मोबाइलवर फोटो फिरतात. निळी सीतेची आसवं, गुलाबी तेरडा, धुक्यात उभी असलेली कुटुंबं. मला ते फोटो बघून पोटात कालवायचं. हेव्यासारखी क्षुद्र भावना आपल्याला व्हावी, हे मला रागापेक्षाही कमीपणाचं वाटे. आता वाटतं, त्या हेव्याच्या खाली साधी गोष्ट होती: मला मोकळी हवा हवी होती. दडपून टाकलं असतं तर ते कळलंच नसतं.

पुण्यात अशा रुग्णांच्या नातेवाइकांचा एक आधारगट भरतो, तिथे मी जायला लागलो. एका सभेत साठीच्या एक बाई बोलल्या. नवरा गेली काही वर्षं अंथरुणावर. अगदी सावकाश म्हणाल्या, "मला कधी कधी वाटतं, सुटावेत हे. आणि मीही सुटावं." खोलीत कुणी श्वास रोखला नाही, कुणी "असं बोलू नये" म्हटलं नाही. तीन-चार जणांनी माना हलवल्या. शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवली. त्या प्यायल्या आणि मग नवऱ्याला आवडतं म्हणून त्या रोज त्याला रेडिओवरची जुनी नाट्यगीतं कशी लावून देतात ते सांगायला लागल्या. दोन्ही एकाच बाईचं, एकाच दमात. मला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं कुठल्या व्याख्यानातून कळलं नसतं. सुटावं असं वाटणं आणि माया आटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मलाही तसं वाटतं. इथे लिहिताना हात थरथरतोय, तरी लिहितो: मलाही वाटतं.

आपल्याकडे ज्ञानदेवांची गोष्ट सांगतात. लोकांच्या बोलण्याने मन दुखावलं तेव्हा ते झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून समजूत काढली. तिने काय सांगितलं ते सगळे आठवतात. मला मात्र आधीचा भाग जवळचा वाटतो. ज्ञानदेवांनासुद्धा एक दिवस ताटी लावाविशी वाटली, आणि ते सांगण्यात आपल्या परंपरेला काही कमीपणा वाटला नाही.

मग एक दिवस आला, ज्याची भीती होतीच. सकाळी आईच्या केसांत तेल घालत होतो, तेव्हा ती मागे वळून अगदी आदराने म्हणाली, "तुम्ही कोणाकडचे?" मी नाव सांगितलं. तिने मान डोलावली, जशी पाहुण्याला डोलावतात. मी बँकेत गेलो. दुपारी मशिनवर पाचशेच्या नोटांचं बंडल लावलं होतं, आकडे पळत होते आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पूर्वी असं झालं की मी ठसका लागल्याचं निमित्त काढून उठत असे. त्या दिवशी शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला सरळ सांगितलं, "आज आईनं ओळखलं नाही." त्याने काही न बोलता आपलं काउंटर बंद केलं आणि आमच्या मॅनेजर बाईंना सांगून माझी रांग घेतली. मी मागच्या खोलीत जाऊन रडलो. पुरेसं रडलो. तोंड धुऊन परत आलो, संध्याकाळी कॅश जुळली.

भावनेला जागा देणं म्हणजे ती म्हणेल ते करणं, असं मात्र नाही. राग आला हे मान्य, पण आईचा दंड घट्ट धरायचा नाही, ही रेघ पक्की. उलट, राग लवकर ओळखू येतो म्हणून रेघ सांभाळणं जमतं. दात आवळले गेले की बायकोला हाक मारतो आणि मी गॅलरीत जातो. तिथे स्वतःशी, हळू पण तोंडाने बोलतो: "चिडलायस. दिवसभर उभा आहेस, चिडणारच." एवढंच. उपदेश नाही. रात्री डायरीत त्या भावनेचं फक्त नाव लिहितो. कंटाळा. हेवा. भीती. कधी कधी आनंदही असतो, कारण आई मधेच एखादी ओवी अख्खी म्हणते. आणि झोप उडाली, हात उगारला जाईल असं वाटायला लागलं, जगणं नको झालं, तर डायरीवर भागवू नये. डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेली मानस ही मोफत फोनसेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला फोन केला. आधी मी तिला "सगळं ठीक आहे गं" एवढंच सांगायचो. या वेळी म्हटलं, "मी दमलोय. मला आईचा राग येतो. तू महिन्यातून दोन दिवस ये." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, मी सांगलीत बसून रोज तिचा राग करते रे, ती मला विसरली म्हणून. मला वाटायचं मीच एक अशी." आम्ही दोघंही रडलो, मग कॅलेंडर काढलं. दुसऱ्या शनिवारी ती येते, रविवारी रात्रीच्या एसटीने जाते. पिशवीत काय काय असतं, कोणता प्रश्न विचारला की आई खुर्चीवर टेकते, चहात साखर किती, हे सगळं तिला लिहून दिलंय. कासच्या रविवारचं बुकिंगही केलंय. तिथे उभं असताना अपराधी वाटण्याची शक्यता आहे, हे बायकोला आधीच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "वाटू देत की. डबा मी करते."