अमोल पालेकरांसारखी कॉलर शिवून घेताना : माझा अनुभव

गणपतीच्या आधी कापड दिलं आणि शर्ट हातात पडला तुळशीची लग्नं लागून गेल्यावर. मधला सगळा काळ एका कॉलरीत गेला. आमच्या भागातलं ते दुकान चांगलं मोठं आहे. काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतीवर सुटातल्या नटांचे फोटो. माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण शर्ट शेवटी अगदी मनासारखा झाला. सिनेमातला एखादा कपडा बघून तसाच शिवून घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांचे हेलपाटे तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

मला हवा होता सत्तरच्या दशकातल्या अमोल पालेकरांसारखा शर्ट. लांब टोकांची कॉलर, अंगाशी बसलेलं माप, पँटमध्ये नीट खोचलेला. ‘रजनीगंधा’ १९७४ सालचा, ‘गोलमाल’ १९७९चा. त्या काळात बाकीचे नायक पडद्यावर मारामाऱ्या करत होते आणि हा माणूस बसने ऑफिसला जात होता. पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले आणि बँक ऑफ इंडियात नोकरीही करत होते. मला त्यांच्या पडद्यावरच्या दिसण्यात हे दोन्ही दिसतं, चित्रकाराची रंगाची जाण आणि सकाळी स्वतः इस्त्री करून निघणाऱ्या माणसाची टापटीप. ‘गोलमाल’मध्ये तर मिशी आणि आखूड कुर्ता असला की तो रामप्रसाद, दोन्ही गेलं की लक्ष्मणप्रसाद. तो कुर्ताही नट मित्राकडून, देवेन वर्माकडून, मागून आणलेला. कपड्यांनी एका माणसाची दोन माणसं होतात, हे इतक्या साधेपणाने मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही.

दुसरं कारण माझ्या अंगलटीचं. मी बारीक आहे, मान लांब, खांदे उतरते. तयार शर्टांच्या दुकानात मला कायम ‘स्लिम फिट’ पुढे करतात आणि त्या छोट्याशा कॉलरीत माझी मान आणखी लांब दिसते. लांब टोकांची कॉलर खाली छातीवर येते, मानेची लांबी मोडते आणि खांद्यांना थोडी रुंदी मिळते. म्हणून सांगतो, कपडा निवडताना आवडता नट बघू नका, आपल्या बांध्याचा नट बघा. मला अमिताभ जास्त आवडतो, पण त्याचे कपडे त्याच्या उंचीवर आणि त्या खांद्यांवरच शोभतात.

कापड घेताना काही अडचण आली नाही. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये बदामी रंगावर बारीक चॉकलेटी रेघांचं सुती कापड मिळालं. ५८ इंच पन्ह्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण १.६० मीटर पुरतं. मी २ मीटर घेतलं. ते जास्तीचं ४० सेंटिमीटर पुढे किती कामाला आलं, ते सांगतोच.

आता काउंटर.

काउंटरवर टेप घेऊन उभा असलेला मुलगा माप घेतो, पावती लिहितो, कापडाचा एक कोपरा कात्रीने कापून पावतीला टाचतो आणि तारीख देतो. कपडा कापतो तो मास्टर, आणि तो दुकानात नसतो. कारखाना दुसरीकडे असतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि काउंटरवरही कुणी बोललं नाही. मी मोबाइलवर फोटो दाखवले. समोरून, बाजूने, कॉलर जवळून दिसेल असे. मुलगा म्हणाला, “सर, व्हॉट्सॅपवर टाका, मास्टरला पाठवतो.” मी टाकले. मग त्याने माझ्या गळ्याला टेप लावला, ‘कॉलर १५’ लिहिलं, आणि खाली सूचनेच्या रकान्यात लिहिलं, ‘कॉलर मोठी’.

शर्ट आला तेव्हा वरचं बटण लावल्यावरही गळ्यात चार बोटं आरामात जात होती. टोकं मात्र आजच्या कुठल्याही शर्टाची असतात तेवढीच, जेमतेम पावणेतीन इंच. मास्टरने गळा १५चा १६ केला होता. मुलाने पावतीवर बोट ठेवलं. “तुम्हीच मोठी सांगितली होती ना, सर?” मी म्हटलं, फोटो बघा. तो म्हणाला, फोटो पाठवलाय. मास्टरशी बोलू द्या म्हटलं, तर मास्टर बिझी.

शर्ट परत ठेवून घेतला आणि मग वाट बघणं सुरू झालं. आधी मास्टर गावाला गेले होते. मग नवरात्र आलं, घागरे-चोळ्यांची गर्दी. मग दसऱ्याला कारागीर सुटीवर. मग दिवाळीची ऑर्डर आधी काढायची होती. प्रत्येक वेळी “उद्या संध्याकाळी फोन करतो, सर” असं ठरलेलं उत्तर, आणि फोन कधीच आला नाही. ऑफिसमधून उतरलो की स्टेशनवरून थेट तिकडे. काउंटरवरचा मुलगा मला बघून आधीच मान खाली घालायला लागला होता. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता, तो पगारी माणूस. पण मालक आतल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते आणि एकदाही उठले नाहीत, त्याचा मात्र मला फार राग आला.

दिवाळीच्या तोंडावर शर्ट पुन्हा आला. गळा बरोबर, टोकं लांब. पण पाचच मिनिटं अंगावर ठेवला आणि दोन्ही टोकं वरच्या बाजूला वळायला लागली. आत जेमतेम एक पातळ बक्रम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं अस्तर, चिकटवलेलं. रेघाही एका टोकावर उभ्या, दुसऱ्यावर तिरप्या. या वेळी मालक उठले. म्हणाले, “अहो, ‘दीवार’मध्ये अमिताभचा शर्ट चुकलाच होता की! गाठ मारली आणि फॅशन झाली.”

गोष्ट खरी आहे. शिंप्याने शर्ट भलताच लांब शिवला होता, शूटिंग तोंडावर होतं, म्हणून टोकांना गाठ मारून काम भागवलं, हे अमिताभनेच सांगितलेलं आहे. पण तिथे कॅमेरा लागला होता, दुसरा शर्ट शिवायला वेळच नव्हता. इथे महिने हातात होते आणि ७५० रुपये शिलाई मी आधीच भरली होती. मालकांना मी हेच तोंडावर सांगितलं. शर्टाची ट्रायल घ्या म्हणालो, तर म्हणाले, “शर्टाला ट्रायल नसते, ट्रायल सुटाला.” भाचीचा साखरपुडा मार्गशीर्षात ठरलेला होता, आणि तो शर्ट घालूनच जायचं हे माझं पक्कं होतं.

मग मी गिरगावात काकांकडे गेलो. काका १९७५च्या आसपास नोकरीला लागले, आणि त्यांच्याकडचं काहीही सहसा टाकलं जात नाही. कपाटावरच्या ट्रंकेतून काकूंनी दोन शर्ट काढून दिले. “बोहारणीला द्यायचे राहून गेले बघ,” म्हणाल्या. मी टेप लावला. टोकं बरोबर चार इंच, कॉलरीखालची, गळ्याभोवतीची पट्टीही आजच्यापेक्षा उंच. आणि इतक्या वर्षांनी ट्रंकेतून निघूनही टोकं सरळ! काका म्हणाले, “अरे, टेरिकॉट होतं ते. धुतलं, झटकलं, दोरीवर टाकलं की झालं.” तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती लांब टोकं उभी राहायची ती त्या कापडाच्या जोरावर. पॉलिस्टर मिसळलेलं कापड आकार सोडत नाही. सुती कापडात तीच कॉलर हवी असेल तर तो जोर आतून द्यावा लागतो. हे काउंटरवरच्या कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझा सगळा त्रास वाचला असता.

मी बटर पेपर लावून काकांच्या शर्टाची कॉलर आणि पट्टी दोन्ही छापून घेतली. प्रत्येक बाजूला इंच लिहिले. आपल्या कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया आठवल्या. ‘गांधी’साठी १९८३ साली ऑस्कर घेणाऱ्या पहिल्या भारतीय. त्यांची सुरुवात मासिकासाठी फॅशनची चित्रं काढण्यापासून झाली होती, त्याही जे. जे.च्याच. शिवणाऱ्याला रेघ दिसावी लागते. फोटोत घडी असते, सावली असते, मान वळलेली असते. टोक किती लांब आणि किती कोनात, ते त्यातून कळत नाही. कागदावर कळतं.

कागद घेऊन गेलो आणि सांगितलं, कारखान्याचा पत्ता मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. बराच वेळ उभा राहिलो. शेवटी मुलानेच मालकांची नजर चुकवून पत्ता दिला. स्टेशनच्या पलीकडे एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर कारखाना होता. कापायच्या टेबलाशी मास्टर उभे होते. मी नमस्कार करून शर्ट पुढे ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “हा तुमचा का? मला वाटलं, गळा जाड असेल कुणाचा तरी.” फोटो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. कुठलाच नव्हता. त्यांच्याकडे येते ती फक्त पावती, आणि पावतीत आकडे असतात, आकार नसतो.

मी कागद टेबलावर पसरला. मास्टरांनी वरून हात फिरवला, खडूने कोपऱ्यात एक खूण केली आणि म्हणाले, “हां. आता कळलं काय पाहिजे ते.” मला तिथेच इतकं मोकळं वाटलं की बसायला स्टूल मागून घेतलं.

पुढचं सगळं झटपट झालं. आधी त्यांनी नुसती कॉलर मांजरपाटात कापली, कच्ची टाचली आणि माझ्या गळ्याला लावून बघितली. चार इंच मला जास्त होत होते, माझा चेहरा लहान आहे, साडेतीनवर थांबलो. पट्टी पाव इंचाने वाढवली, कारण टोकं लांब झाली की कॉलर खाली बसायला बघते. मग उरलेल्या कापडातून खरी कॉलर कापली. ४० सेंटिमीटर जास्तीचे नसते तर शर्ट तिथेच संपला होता, कारण तीच रेघ पुन्हा बाजारात मिळेल याची काही खात्री नसते. आत दुहेरी बक्रम, टोकांच्या मागे प्लास्टिकची पट्टी सरकवायला खाचा, आणि दोन्ही टोकांवर रेघा समोरासमोर. त्याच आठवड्यात शर्ट तयार झाला. दुकानाने ‘स्पेशल कॉलर’चे पैसे वेगळे मागितले. मी दिले नाहीत. मास्टरांना मात्र मिठाईचा पुडा नेऊन दिला.

पँटबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, ती पहिल्याच फटक्यात नीट आली. कंबर बेंबीपाशी, मांडीत बसलेली, बॉटम २२ इंच. दुकानातला मुलगा २६ म्हणत होता, पण २६ घेतलं की ते स्नेहसंमेलनातलं सोंग वाटतं. पायात पुढून गोल बूट, साधा चामडी पट्टा. एका वेळी जुन्या काळातली एकच गोष्ट ठळक ठेवायची, माझ्यापुरती ती कॉलर होती. म्हणून केस, चष्मा, घड्याळ सगळं नेहमीचं.

साखरपुड्याला ताईने पाहिल्या पाहिल्या ओळखलं, “अय्या, पालेकरांचा ‘छोटी सी बात’!” फोटोग्राफरनेही मला बाजूला घेऊन दोन फोटो जास्तीचे काढले. काकांना फोटो पाठवला तर त्यांनी उलट विचारलं, कापड कितीला पडलं. मला फार समाधान वाटलं.

काही गोष्टी राहिल्या. सुती कापड शिवायला टाकण्याआधी एकदा पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर गळा पहिल्या धुण्यात आवळतो. कॉलरला इस्त्री करताना टोकाकडून मध्याकडे या. मध्यातून टोकाकडे गेलात तर टोकावर चुणी साठते. प्लास्टिकच्या पट्ट्या धुण्याआधी काढून ठेवा. पावती घेतल्यावर सूचनेचा रकाना स्वतः वाचा, त्यात लांबी इंचात लिहून घ्या, शेजारी पेनाने आकार काढायला सांगा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढा. माप देण्याआधी विचारा, कापणारे मास्टर इथेच बसतात का. नसतील तर त्यांना भेटता येईल का, हेही विचारा. टाळाटाळ झाली तर साधे शर्ट खुशाल तिथे शिवा, असा शर्ट दुसरीकडे न्या.

आणि मुख्य म्हणजे वेळ. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत नवी कॉलर कुणाला सांगू नका, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची गर्दी. पौषात लग्नं नसतात, मास्टरांच्या हाताला उसंत असते आणि ते तुमच्याशी बोलतात. माझा बटर पेपर त्यांच्याच खिळ्याला टांगलेला आहे. पुढचा शर्ट, फिकट हिरव्या कापडाचा, मी पौषातच टाकणार आहे, आणि थेट कारखान्यात.