वाफच आहे ना फक्त, आत्या

भाचा दहावीत आहे, मागच्या सुट्टीत चार दिवस आमच्याकडे राहून गेला. कपडे मशीनला टाकायच्या आधी मी खिसे तपासते, पन्नासच्या नोटा धुवून काढल्यात आत्तापर्यंत त्यामुळे ती सवयच लागलीये. तर त्याच्या जीन्समधून एक गुलाबी जाडसर काहीतरी निघालं, मला वाटलं हायलायटर, झाकण शोधत बसले तर झाकणच नाही, वर एक चपटं तोंड आणि त्याला आंब्याचा वास. खरा आंबा नाही हां, शाळेबाहेर पेप्सीकोला मिळायचा ना, तसला आंबा. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात, निकोटिन ५ टक्के. वेप निघाली ती, म्हणजे आतला निकोटिनचा द्रव तापवून वाफ ओढायची ई-सिगारेट.

विचारलं तर म्हणे, अगं सिगारेट थोडीच आहे, वाफच आहे ना फक्त. आता आमच्याकडे वाफ म्हणजे नाक चोंदलं की पातेल्यावर टॉवेल घेऊन बसायचं, ती वाफ. मी हसले आधी, खरं सांगते, मग रात्री मोबाइल घेऊन बसले आणि हसू गेलं.

५ टक्के म्हणजे एका मिलिलीटरला साधारण ५० मिलिग्रॅम. ब्रिटन आणि युरोपात मोठ्या माणसांसाठीसुद्धा मर्यादा २० ची आहे! बरं हे एवढं निकोटिन पोराच्या घशाला टोचत कसं नाही, तर त्यात ॲसिड मिसळून निकोटिनचं सॉल्ट करतात, मग ते मऊ लागतं. आमच्या वेळी पोरं कॉलेजच्या मागे पहिला झुरका मारायची आणि खोकून खोकून डोळ्यात पाणी यायचं, त्या ठसक्यानेच निम्मी पोरं परत वाटेला गेली नाहीत. इथे तो ठसकाच काढून टाकलाय आणि वर आंबा लावलाय. हे मोठ्या माणसाची सिगारेट सुटावी म्हणून बनवलेलं असतं तर फ्लेवर कशाला एवढे, असं मला वाटतं, पण आमच्या सोसायटीतले एक काका म्हणतात की त्यांच्या जावयाची सिगारेट ह्याच्यावरच सुटली, तिकडे लंडनला. ते खोटं बोलत नसणार. ब्रिटन सरकारने तर २०२३ मध्ये १० लाख सिगारेट ओढणाऱ्यांना वेपचे किट फुकट द्यायचं जाहीर केलं होतं. आणि त्याच ब्रिटनने पोरं ओढायला लागली म्हणून १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या वेपवर बंदी आणली. एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं.

आपल्याकडे हा घोळच नाही, आपल्याकडे २०१९ पासून सरळ बंदी. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात सगळं बंद, पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं ओढलं तर शिक्षा नाही, म्हणजे पोरगा सुटला, पण साठवणूक हा गुन्हा आहे आणि ती वस्तू आता माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे, तेव्हा साठवणूक नक्की कोणाची हे वकिलाला विचारावं लागेल 😅

ग्रुपवर विषय काढला (नाव न घेता, वहिनी आहे ग्रुपवर) तर धिंगाणा. एकाचं म्हणणं, बंदी आणली तेव्हा सिगारेट कंपन्यांचे शेअर चढले होते, त्यातच काय ते समजून घ्या. दुसरा म्हणे बंदी उठवा, लायसन्स द्या, टॅक्स लावा, १८ च्या खालच्याला देऊ नका, बंदी आहे म्हणूनच पोरं इन्स्टावरून मागवतात आणि तिथे वय कोण विचारतंय. ऐकायला पटतं हो. मलाही अर्धा तास पटलं होतं.

मग संध्याकाळी भाजी आणायला गेले. वाटेत शाळा आहे, शाळेच्या कोपऱ्यावर टपरी. कायदा म्हणतो शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायचा नाही, मी पावलं मोजली, पन्नासही भरली नाहीत. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे आणि तिथे सुतळीला लायटर लटकतोय, एकेक घेणाऱ्यांसाठीच ना तो. गुटखाबंदी तर २०१२ ची, पुड्या कुठून निघतात ते सगळ्यांना माहितीये. आता ह्या टपरीला उद्या वेपचं लायसन्स दिलं तर हा माणूस पोराचं आधार कार्ड बघणार आहे का? म्हणून मला विचाराल तर बंदी राहू दे, फक्त ती टपरीवर आणि पार्सलवर दिसू दे, पोरांच्या दप्तरावर नको.

कारण पळवाट ठेवली की काय होतं ते अमेरिकेत झालंच ना. २०१९ च्या सर्व्हेत तिथल्या हायस्कूलची २७.५ टक्के पोरं वेप ओढत होती. मग २०२० मध्ये फळांचे फ्लेवर बंद केले, पण फक्त तयार भरलेलं कार्ट्रिज बसवायच्या वेपचे, वापरून फेकायच्या तशाच सोडल्या, पोरं गेली तिकडे. नंतर आकडा उतरला, २०२४ ला ७.८ वर आला, म्हणजे उतरतो, पण मागे लागावं लागतं.

दादाला अजून सांगितलेलं नाही. भाच्याला म्हणलं पंधरा दिवस रोज मला फोन करायचा, नाही केलास तर सांगेन. करतो बिचारा. परवा विचारलं, शाळेत कळलं तर काय करतात रे, तर म्हणाला, काही नाही गं, दर सोमवारी दप्तर चेक करतात, म्हणून सगळे सॉक्समध्ये ठेवतात.