आठ जमला, शून्य जमेना

नाशिकच्या आरटीओत मी स्कूटरवर आठ काढून दाखवला तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पाय टेकला नाही, साहेबांनी मान हलवली, काम झालं. मग मैदानातच एक चक्कर मारुतीत, शेजारी ड्रायव्हिंग स्कूलवाले काका. पुढची चौदा वर्षं मी त्या लायसन्सवर मुंबई नाका, मायको सर्कल, एबीबी सर्कल सगळं पालथं घातलं आणि गाडीला दोनच ओरखडे आले. त्यातला एक आमच्याच सोसायटीच्या गेटचा. त्यामुळे इंग्लंडला आल्यावर लायसन्सची काळजी वाटायचं काही कारण नव्हतं.

भारतातलं लायसन्स ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिने चालतं. त्याची इथल्या लायसन्सशी अदलाबदल होत नाही, पहिलीपासून सुरुवात करावी लागते. मी अकराव्या महिन्यात जागी झाले. शिकाऊ लायसन्स ऑनलाइन मिळालं. लेखी परीक्षेत पन्नासपैकी त्रेचाळीस लागतात, तीही सहज निघाली. व्हिडिओतला धोका ओळखून क्लिक करायचा भाग मला आवडलाच. ज्या बाईने नाशिकच्या द्वारका सर्कलवरून संध्याकाळी सहा वाजता गाडी काढली आहे तिला धोका ओळखायला काय शिकवणार? उलट मला प्रत्येक क्लिपमध्ये सात-आठ धोके दिसायचे आणि उगाच जास्त क्लिक करू नये म्हणून बोट आवरावं लागायचं.

अडलं ते प्रत्यक्ष गाडीवर, आणि त्यातही एकाच गोष्टीवर. आम्ही राहतो मिल्टन कीन्सला. १९६७ साली हे नवं शहर वसवायचं ठरलं तेव्हा साधारण किलोमीटर-किलोमीटरवर आडवे आणि उभे रस्ते आखले. आडव्यांना एच, उभ्यांना व्ही. आणि जिथे आडवा उभ्याला भेटतो तिथे सिग्नल न लावता बहुतेक ठिकाणी सर्कल. शंभराहून जास्त सर्कल आहेत गावात. दूध आणायला निघालं तरी चार लागतात. मधल्या बेटावर मातीचा उंचवटा करून झाडी लावलेली, त्यामुळे पलीकडून कोण येतंय ते दिसतच नाही. आधी मला वाटलं की ही नुसती शोभा. मला शिकवणारे गृहस्थ म्हणाले, पलीकडचं दिसलं नाही की माणूस वेग कमी करतो आणि निमूटपणे उजवीकडे बघतो.

उजवीकडे बघायचं. नियम एवढाच आहे. तुमच्या उजव्या हाताने जो येतोय तो आधी जाणार, तुम्ही रेषेपाशी थांबणार. तो गेला की तुम्ही. डावीकडून येणाऱ्याची चिंता करायची नाही, कारण त्याच्या उजव्या हाताला तुम्ही आहात. कागदावर हे इतकं सोपं आहे की मी पहिल्या तासाला हसले होते. तासाला ३८ पौंड मोजून हे ऐकायचं?

पहिल्या परीक्षेत काय झालं ते सांगते. सरळ जायचं होतं. उजवीकडून एक निळी गाडी सर्कलवर आली, तिचा डावा इंडिकेटर चालू. म्हणजे माझ्या आधीच्या रस्त्याने बाहेर पडणार. मी ड्रायव्हरकडे बघितलं. नाशिकला आपण हेच करतो ना? नजरानजर होते, समोरचा हनुवटी किंचित वर करतो किंवा करत नाही, आणि त्यावर कोण जाणार ते ठरतं. या बाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा. ते बघणं मी ‘जा तू’ असं वाचलं आणि क्लच सोडला. ती बाहेर पडलीच नाही, इंडिकेटर कुठल्या तरी मागच्या वळणावरचा चालू राहिला होता. परीक्षकांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. पंधरापर्यंत छोट्या चुका चालतात, पण गंभीर एकही चालत नाही. आणि परीक्षकाला ब्रेक लावावा लागला म्हणजे संपलंच. उरलेली वीस मिनिटं आम्ही दोघं शहाण्यासारखे गाव फिरून परत आलो.

‘दिवा बघू नकोस, चाक बघ,’ शिकवणारे म्हणाले. ‘पुढचं चाक वळलं, गाडीचं नाक बाहेरच्या रस्त्याला लागलं, की समज तो जातोय. आणि डोळ्यांत तर मुळीच बघू नकोस. इथे डोळ्यांना काही अर्थ नाही.’ हे गृहस्थ पूर्वी बस चालवायचे, त्यांची वाक्यं स्टॉपसारखी असत, छोटी आणि ठरलेल्या जागी.

पुढची तारीख मिळेपर्यंत काही महिने गेले. बारा महिने उलटले होते, त्यामुळे गाडीला लाल ‘एल’ लावून, नवऱ्याला शेजारी बसवून सराव. नवऱ्याला प्रत्येक सर्कलवर श्वास आत ओढायची सवय लागली. त्या श्वासाने मी जितकी घाबरले तितकी लॉरीने घाबरले नाही. मग मी इतकी सावध झाले की रिकाम्या सर्कललाही थांबू लागले, आणि दुसऱ्या परीक्षेत नेमकं तेच केलं. उजवीकडून कोणी नाही, मी थांबलेली. लांबवर एक पांढरी व्हॅन दिसली, म्हटलं तिला जाऊ द्यावं. ती गेली. मग दुसरी. मागून हॉर्न वाजला. त्या देशात मागून हॉर्न म्हणजे शिवीच. माझ्या कानात तो घरी पोचेपर्यंत वाजत होता. कारण नसताना अडून राहणं हीसुद्धा चूक धरतात. जायचा हक्क तुमचा असताना तुम्ही गेला नाहीत, तर मागच्यांचा खोळंबा करता आणि पुढच्यांना कोड्यात टाकता. आयुष्यात पहिल्यांदा मी जास्त सभ्यपणामुळे नापास झाले. फी दोन्ही वेळा ६२ पौंड.

रागच आला होता. आठ काढला होता मी, आणि इथे साधा शून्य काढता येईना!

त्या रागात एका रविवारी आम्ही स्विंडनला गेलो, तिथलं ‘मॅजिक राउंडअबाउट’ बघायला. गाडी लांब लावली आणि फुटपाथवरून बघत उभे राहिलो. एका मोठ्या वर्तुळावर पाच छोटी सर्कल, छोट्यांवर गाड्या घड्याळाच्या दिशेने आणि मधल्या बेटाभोवती चक्क उलट्या. फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या इंजिनिअरने १९७२ साली हे केलं. वाटतं, आत्ता धडक होणार. पण बघत राहिलं की लक्षात येतं, प्रत्येक ड्रायव्हर फक्त आपल्या पुढच्या एका छोट्या सर्कलपुरता विचार करतोय. रेषा, उजवीकडे नजर, जा. पुन्हा रेषा. मी अर्धा तास बघत होते. नवरा तोवर दोनदा कॉफी पिऊन आला.

घरी येऊन वाचलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम ब्रिटनमध्येही नोव्हेंबर १९६६ मध्ये आला. त्याआधी सर्कल होती, पण आधी कोण याचा सगळीकडे एकच नियम नव्हता. आत शिरणारे घुसायचे, आतले अडायचे, आतल्यांना बाहेर पडायला वाट मिळायची नाही आणि अख्खं सर्कल कुलूप लावल्यासारखं बंद. हे वाचताना मला द्वारका डोळ्यांसमोर दिसली. रस्ता अरुंद म्हणून नाही, गाड्या जास्त म्हणून तर नाहीच नुसतं. बाहेर पडणाऱ्याच्या वाटेत आत शिरणारा उभा असतो, म्हणून.

तिसऱ्या वेळी पास झाले. छोट्या चुका सहा. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, पाऊस होता आणि मी कोणाच्याही डोळ्यांत बघितलं नाही.

त्या दिवाळीत नाशिकला गेले. बाबांची वॅगन-आर मीच घेतली, बाबा शेजारी. मुंबई नाक्याला आले आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. उजवीकडे बघितलं. रिक्षा, अ‍ॅक्टिव्हा, ट्रॅक्टर, पुन्हा रिक्षा. मागे हॉर्नचा गजर.

‘अगं, कोणाची वाट बघतेस?’

‘उजवीकडच्यांची.’

‘ते काय संपणारेत? घाल पुढे.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘नियम आपल्याकडेही तोच आहे हं. एकोणनव्वदच्या नियमावलीत छापला होता, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या म्हणून. आमच्या डेपोत ड्रायव्हर लोकांना पाठ असायचा.’

‘मग?’

‘मग काय? पाठ असायचा.’

मी इंच इंच नाक घातलं. एका रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं, हनुवटी वर केली. वर्षभर ज्या हनुवटीला मी पारखी झाले होते ती हीच. गेले. अर्धं सर्कल पार झालं आणि सगळं ठप्प, कारण पुढच्या रस्त्यावरूनही कोणीतरी माझ्यासारखंच नाक घातलं होतं. एक स्कूटरवाला गाडी स्टँडवर लावून उतरला आणि हातवारे करत ट्रॅफिक हवालदार झाला. चांगली दहा मिनिटं गेली.

बाहेर पडायचा रस्ता आला तसा मी डावा इंडिकेटर दिला.

‘हे कशाला?’

‘बाहेर पडतोय ते कळायला नको का?’

डावीकडून दोन रिक्षा आणि एक टेम्पो आत घुसतच होते. बाबांनी काच खाली केली, कोपरापर्यंत हात बाहेर काढला आणि पंजा हलवला. टेम्पो थांबला.