पहाटेचे स्वप्न

परवा दुपारी आमच्या जिन्यात, खालच्या मजल्यावरच्यांच्या पायपुसण्यावर एक मांजर गाढ झोपलेले दिसले. त्याच्या मिश्या थरथरत होत्या, पुढचे पंजे मध्येच आखडत होते आणि अर्धवट मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे इकडून तिकडे धावत होती. याला उंदीर दिसत असणार, असे आपण थट्टेने म्हणतो. पण फ्रान्समधल्या लियों शहरात मिशेल जुवे या शास्त्रज्ञाने मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातला, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातला, झोपेत स्नायू ढिले ठेवणारा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरे झोपेतच उठली, दबा धरून बसली आणि तिथे नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. आपल्यालाही स्वप्नात धावता येते आणि तरी अंथरुणातून पडायला होत नाही, ते मेंदूच्या या बंदोबस्तामुळेच.

झोपेत डोळे असे धावतात, हे शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये जगापुढे मांडले. त्याआधी ॲसरिन्स्कीने आपल्या लहान मुलाच्याच डोळ्यांपाशी तारा चिकटवून रात्र रात्र कागदावरच्या रेघा पाहिल्या होत्या. या झोपेतून जागे केलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात, आणि ही झोप साधारण दर दीड तासाने येते. पहिल्या खेपेला काही मिनिटे, तर उजाडायच्या सुमारास चांगली लांबलचक.

हे वाचले तेव्हा मला आजी आठवली. सकाळी ती बंबात ढलप्या सारत बसलेली असे, आणि आम्ही नातवंडे धुरात डोळे चोळत रात्रीची स्वप्ने तिच्यापुढे मांडत असू. ती आधी एकच प्रश्न विचारी, "किती वाजता पडलं?" मध्यरात्रीचे असेल तर ती लक्षच देत नसे. पहाटेचे असेल तर मात्र चिमटा खाली ठेवून ती सगळे ऐकून घेई, कारण पहाटेचे स्वप्न खरे होते, याविषयी तिला शंका नव्हती. वाईट स्वप्न लगेच सांगून टाकायचे, चांगले पोटात ठेवायचे आणि त्यानंतर पुन्हा झोपायचे नाही, असे तिचे नियम होते. खरे होण्याचे राहू द्या, पण लांब, रंगीत आणि लक्षात राहणारी स्वप्ने पहाटेच पडतात, इथपर्यंत आजी आणि शिकागोकर एकमेकांच्या पुष्कळ जवळ आहेत.

एरवी दुसऱ्यांची स्वप्ने ऐकणे मला मुळीच सोसत नाही. "मग ते घर आमचंच होतं, पण आमचं नव्हतं," असे कोणी सुरू केले की मी चहाचे कप उचलून आत जातो. अपवाद फक्त परीक्षेच्या स्वप्नाचा. बीजगणिताचा पेपर आहे, हॉल तिकीट सापडत नाही, वर्षभर वही उघडलेली नाही, असे घामाघूम करणारे स्वप्न निवृत्तीला टेकलेली माणसेही सांगतात, आणि तेव्हा मी कप ठेवून बसतो. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यालाही ते पडत असे. 1900 साल घातलेल्या आपल्या स्वप्नांवरच्या ग्रंथात त्याने नोंदवले आहे की, न्यायवैद्यकाच्या ज्या परीक्षेत तो नापास झाला ती त्याच्या स्वप्नात कधीच आली नाही. येत ती वनस्पतिशास्त्राची, प्राणिशास्त्राची, रसायनशास्त्राची, म्हणजे पास झालेलीच. तेव्हाही घाबरला होतास आणि काही झाले नाही, अशी मन आपली समजूत घालते, असा त्याचा अर्थ. मला हा अर्थ फार आवडतो, कदाचित खरा नसेल म्हणूनही.

कारण 1977 मध्ये हार्वर्डच्या हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी सांगितले की, मस्तिष्कस्तंभातून वर येणाऱ्या वेड्यावाकड्या संदेशांना मेंदू कसाबसा अर्थ लावतो, कुणीही कुठलाही शब्द टाकावा आणि कीर्तनकाराने त्यावर आख्यान रचावे तसा. डीएनएची रचना उलगडणाऱ्या क्रिकने 1983 मध्ये मिचिसनबरोबर याहून कोरडे मत मांडले, की नको ते पुसून टाकण्यासाठी आपल्याला स्वप्ने पडतात. मग माझे बीजगणित इतक्या वर्षांत पुसले का गेले नाही? पुढे 2000 मध्ये फिनलंडच्या रेव्हॉन्सुओने स्वप्न ही संकटाची रंगीत तालीम आहे, असे सुचवले. आता परीक्षाच उरली नाही तर तालीम कसली, हा प्रश्न राहतोच.

आणखी एक स्वप्न मला पडते. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. स्वप्नात ते आरामखुर्चीत बसून, "माझा चष्मा कुठे ठेवलास?" असे काहीसे रागानेच विचारतात, आणि घरातल्या कोणालाही त्यात वावगे वाटत नाही, मी निमूटपणे फडताळ धुंडाळू लागतो. कपाळामागचा, खऱ्याखोट्याची शहानिशा करणारा मेंदूचा भाग त्या झोपेत मंदावलेला असतो, म्हणून हे माणूस आता नाही याची आठवण कोणी करून देत नाही, असे शास्त्र सांगते आणि ते मला पटते. आजीच्या नियमाने हे स्वप्न चांगल्यात धरायचे की वाईटात, ते मात्र मला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून आजवर ते कोणाला सांगितलेही नव्हते.